बटणावर ‘हो’ लिहायचं की ‘जतन करा’?

१४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख तुमच्या लक्षात असण्याचं काही कारण नाही. पण तुमच्या घरातल्या जुन्या लॅपटॉपसाठी ती मोठी होती. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट थांबवला. घरगुती वापरासाठी सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष मिळायची सोय आहे, पण ती तात्पुरती. विंडोज ११ घ्यायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. साधारण २०१८ च्या आधीची बरीच मशीन त्या यादीत बसत नाहीत. म्हणजे मशीन ठणठणीत, पण कागदोपत्री निवृत्त!

मग लॅमिंग्टन रोडला जाऊन नवा लॅपटॉप घ्यायचा की आहे त्यावर लिनक्स टाकायचं? जगभरातल्या लिनक्सवाल्यांनी ‘एंड ऑफ टेन’ नावाची मोहीमच काढली: जुनं मशीन फेकू नका, त्यावर ओपन सोर्स प्रणाली टाका. सल्ला चांगला आहे, फुकटही आहे. तरी लोक बिचकतात. कारण विचारलं तर उत्तर मिळतं, “ते अवघड असतं ना.”

‘अवघड’ म्हणजे काय, हे जरा खोदून बघा. टायपिंग तेच आणि ब्राउझरही तोच. बटण नेहमीच्या जागी नाही, मेन्यूतला शब्द कळत नाही, विचारलेल्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं तर फाईल वाचेल की जाईल याचा अंदाज येत नाही. आपण याला ‘अवघड’ म्हणतो. हे सगळं कुणीतरी ठरवलेलं असतं. जिथे ठरवलेलं असतं त्या दस्तऐवजाला म्हणतात इंटरफेसची मार्गदर्शक तत्त्वं, म्हणजेच एचआयजी.

नियमांची वही कशाला?

ॲपलने अशी वही १९८७ साली पुस्तकरूपात छापली. एका कंपनीत हे सोपं असतं; वरून आदेश आला की सगळे पाळतात. ओपन सोर्समध्ये कोड लिहिणारे शेकडो लोक वेगवेगळ्या देशांत, बरेचसे फावल्या वेळात काम करणारे. प्रत्येकाची आवड वेगळी, त्यामुळे प्रत्येकाची खिडकी वेगळी.

२००१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपची चाचणी घेतली. साध्या माणसांना पडद्यासमोर बसवलं, साधी कामं दिली आणि ते कुठे अडतात ते नुसतं पाहिलं. बनवणाऱ्यांना सहज वाटलेल्या अनेक जागी लोक अडखळले. २००२ मध्ये ग्नोम २.० आलं आणि त्याच वर्षी ग्नोमची पहिली एचआयजी. त्याच सुमारास हॅवक पेनिंग्टन या ग्नोमच्या प्रोग्रामरने एक मुद्दा मांडला: प्रत्येक सेटिंगची किंमत असते. वाद मिटवायला ‘दोन्ही पर्याय देऊ’ म्हणणं सोपं, पण निवडायचा भार वापरणाऱ्यावर पडतो.

त्या वहीतला एक नियम बघा. फाईल बंद करताना येणाऱ्या खिडकीत ‘हो’, ‘नाही’, ‘ओके’ लिहू नका, बटणावर क्रियापद लिहा. ‘जतन करा’ आणि ‘जतन न करता बंद करा’. वरचा प्रश्न न वाचताही काय होणार ते कळतं. रात्री दोन वाजता प्रोजेक्ट संपवताना कोण वाचतं सगळं?

‘वापरणारा’ कोण?

पण नियम लिहिले की प्रश्न सुटला, असं नाही. २०११ मध्ये ग्नोम ३ आलं. खालची खिडक्यांची पट्टी गेली, खिडकी लहान करण्याचं बटणही नेहमीच्या जागेवरून गेलं. ठरवणाऱ्यांचा विचार होता पसारा कमी करण्याचा. वापरणाऱ्यांना मात्र कुणी न विचारता घरातलं सामान हलवल्यासारखं वाटलं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली. काहींनी जुना कोड उचलून ‘मेट’ डेस्कटॉप चालू ठेवला, लिनक्स मिंटच्या मंडळींनी ‘सिनॅमन’ उभा केला. दुसरीकडे केडीईने वेगळं सूत्र धरलं: सुरुवातीला साधं, गरज पडली तर ताकदवान.

यातून एक गोष्ट दिसते. दिसायला हे बटणांबद्दलचे नियम असतात, पण त्यांत ‘वापरणारा’ कोण हे आधीच ठरलेलं असतं. लालबागच्या एखाद्या मंडळाचा जमाखर्च सांभाळणारे काका, दादरला पत्रिका आणि बॅनर जुळवणारी डीटीपीवाली ताई, परळच्या चाळीत भावासोबत एकच कॉम्प्युटर वापरणारी अकरावीची मुलगी: नियम लिहिताना यांच्यापैकी कुणी डोळ्यांसमोर होतं का?

मराठी आली की नियम अडखळतात

बहुतेक नव्हतं. ग्नोम आणि लिबरऑफिस मराठीत उपलब्ध आहेत, स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून ते काम केलंय. तरीही पडदा मराठीत केला की काहीतरी खटकतं. दोष नेहमी अनुवादाचा नसतो, अनेकदा आराखड्याचा असतो.

पहिलं उदाहरण लिंगाचं. इंग्रजीत ‘अमुक डिलीटेड’ असा एकच साचा पुरतो, मध्ये फक्त नाव बदलायचं. मराठीत फाईल हटवली, फोटो हटवला, चित्र हटवलं. एका साच्यात तिन्ही बसत नाहीत. म्हणून नियम हवा: वाक्य तुकड्यांनी जोडू नका, पूर्ण वाक्य अनुवादाला द्या.

दुसरं, कॅपिटल अक्षरं. ग्नोमच्या नियमांत शीर्षक आणि बटणं एका तऱ्हेच्या कॅपिटलमध्ये, वर्णनं दुसऱ्या. देवनागरीत कॅपिटलच नाहीत, म्हणजे तो फरकच पुसला जातो. तो जाडीने किंवा आकाराने दाखवावा लागेल.

तिसरं, उंची. आपल्या अक्षरांना वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार. रोमन लिपीच्या मापाने बेतलेल्या ओळीत ‘दृष्टी’ किंवा ‘कूर्म’चा तळ कापला जातो.

चौथं, ‘ल’ आणि ‘श’. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने या अक्षरांची मराठी वळणं निश्चित केली. काही मुक्त फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी दोन्ही वळणं असतात. पण ‘हा मजकूर मराठी आहे’ असं सॉफ्टवेअरने फॉन्टला सांगावं लागतं. न सांगितलं तर हिंदी वळण दिसतं.

आणि शब्द! एका सॉफ्टवेअरमध्ये ‘जतन करा’, दुसऱ्यात ‘साठवा’, तिसऱ्यात ‘सेव्ह करा’. तिन्ही बरोबर, पण एकाच पडद्यावर तीन म्हणजे गोंधळ. हा गोंधळ कमी व्हावा म्हणून २००८ पासून ‘फ्युएल’ या प्रकल्पाने मराठीसह अनेक भाषांसाठी नेहमीच्या संगणकीय शब्दांच्या सामायिक याद्या करायला घेतल्या. शब्द ठरवणं हेही डिझाइनच.

कॅलेंडरचंही बघा. भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेत वार बहुधा डावीकडे एकाखाली एक आणि तारखा वरून खाली. डेस्कटॉपवरच्या कॅलेंडरमध्ये वार वर आडवे. डोळ्यांची सवय कुठली धरायची, हे कुणी विचारलेलंच नाही.

‘आम्ही तर इंग्रजीच वापरतो’

तुमच्या मनात हे आलं असेल, आणि ते खरंही आहे. तुमच्यापैकी बहुतेकांचा फोनही इंग्रजीत असेल. पण क्रम तपासा. मराठी पडदा नीट जमलेला नसतो म्हणून आपण इंग्रजीकडे जातो. मग ‘मराठी कुणी वापरत नाही’ म्हणून तो सुधारायला कुणी बसत नाही. हे चक्र कुठेतरी तोडावं लागेल.

सरकारचंच घ्या. शासकीय पैशातून घेतलेल्या संगणकांच्या कीबोर्डवर रोमनसोबत देवनागरी अक्षरं छापलेली हवीत, असा आदेश राज्य सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये काढला. छान. पण बोटांखाली मराठी आणि डोळ्यांसमोर इंग्रजी मेन्यू, हा अर्धाच प्रवास झाला. केरळने सरकारी शाळांत अनेक वर्षं लिनक्स आणि मल्याळम सोबत चालवून दाखवलंय. म्हणजे अडचण तंत्राची नाही.

हे काम इथे आधी झालंय

दक्षिण मुंबईला हे काम नवीन नाही. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. काळबादेवीच्या कोलभाट लेनमधल्या या छापखान्याचे टाइप रानूजी रावजी आरू यांच्या हातचे. अक्षर, मात्रा, जोडाक्षर यांचे खिळे कसे तोडायचे, कसे जुळवायचे, म्हणजे जुळाऱ्याचा हात अडणार नाही आणि वाचणाऱ्याचा डोळा अडखळणार नाही, हा तेव्हाचा इंटरफेसचाच प्रश्न होता. देवनागरीची ‘मुंबई वळणं’ अशाच कामातून रुळली.

संगणक आल्यावर सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी ‘मंगल’ फॉन्ट केला आणि मुक्त परवान्याखालचे ‘रघु’ फॉन्टही. आज ‘एक टाइप’ ही मुंबईचीच संस्था ‘मुक्ता’, ‘बालू’ असे मुक्त फॉन्ट देते. अक्षरं आली. आता ती अक्षरं ज्या खिडकीत बसतात, त्या खिडकीचे नियम हवेत.

मग तुम्ही काय करायचं?

कोडिंग यायलाच हवं असं नाही. फोर्टातल्या जे. जे. मध्ये डिझाइन शिकणारे, माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधले इंजिनीअर आणि रुईयात मराठी शिकणारे लोकलने एकमेकांपासून अर्ध्या तासावर आहेत. तिघांची एक टीम करा.

एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर मराठीत लावा. पाच माणसं शोधा: आजोबा, शेजारच्या काकू, कॉलेजच्या ऑफिसमधले क्लार्क. पाचच का? अशा चाचणीत पाच जण बसवले तरी बहुतेक मोठ्या अडचणी समोर येतात, असं जेकब नील्सन यांनी २००० मध्येच मांडलंय. त्यांना काम द्या: पत्र लिहा, साठवा, उद्या पुन्हा उघडा. शिकवू नका, बोटही दाखवू नका. कुठे थांबले तेवढं लिहा.

मग ते जिथे पोहोचायला हवं तिथे पोहोचवा. ग्नोमची एचआयजी गिटलॅबवर सगळ्यांसाठी खुली आहे, सूचना कुणीही देऊ शकतं. लिबरऑफिसचं मराठीकरण वेबलेटवर चालतं, ग्नोमचं ‘डॅम्ड लाइज’ नावाच्या साइटवर. तक्रार ‘मराठी नीट नाही’ अशी मोघम नको. ‘या खिडकीत उकार कापला जातो, हा स्क्रीनशॉट, ओळीची उंची एवढी हवी’ अशी हवी. अशा तक्रारीवर काम होतं.

बंद सॉफ्टवेअरमध्ये बटण आवडलं नाही तर आपण फार तर कुरकुरतो. इथे त्या बटणाचा नियमच बदलता येतो. तो बदलला तर पुढच्या वेळी काकूंना खिडकी विचारेल, ‘पत्र जतन करायचं?’ आणि त्या न थबकता बरोबर बटण दाबतील. तुमच्या रिझ्युमेत एक ओळ वाढेल, ती वेगळीच.