जिद्द जन्मजात नसते

भरतीच्या आशेने पहाटेच्या अंधारात धावणारी मुले जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. यांपैकी सैनिकी शिक्षणात टिकणार कोण? ज्याच्या अंगी उपजत जिद्द असेल तो, असे उत्तर आपण सहज देऊन टाकतो. आमच्या मते ते अपुरे आहे आणि घातकही आहे.

अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथील सैनिकी विद्यालयाच्या ११,२५८ छात्रांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या सहा आठवड्यांच्या खडतर कसोटीत टिकून राहण्यास चिकाटी सर्वांत उपयोगी पडली. परंतु पुढे विद्याभ्यासात व सैनिकी गुणांकनात बुद्धीचा वाटा अधिक ठरला. एकट्या चिकाटीवर सारी वर्षे निभावत नाहीत.

शिवाय ही चिकाटी येते कोठून? याचे उत्तर खानदेशच्याच इतिहासात आहे. १८१८ साली हा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात गेल्यावर भिल्लांवर फौजा धाडण्यात आल्या. त्यांना जन्मजात लुटारू समजले जाई. १८२५ साली अवघ्या बावीस वर्षांच्या जेम्स औट्रमने त्याच भिल्लांतून पलटण उभी केली आणि धरणगाव हे तिचे ठाणे झाले. तो त्यांच्यात मिसळला, त्यांच्याबरोबर शिकारीस गेला, त्यांच्यावर विश्वासला. ज्यांच्यापासून मुलूख राखावयाचा, तेच त्याचे राखणदार झाले. औट्रम परक्या सत्तेचा चाकर होता, हे विसरण्याचे कारण नाही. तथापि भिल्लांचे रक्त तेच राहिले होते. पालटली होती ती त्यांना मिळणारी वागणूक.

खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुलींना २०२२ साली प्रवेश मिळाला आणि मे २०२५ मध्ये पहिल्या सतरा जणी तेथून उत्तीर्ण झाल्या. तत्पूर्वीच्या मुलींत धैर्य नव्हते, असे कोण म्हणेल? त्यांच्यापुढे दारच बंद होते.

चोपडा, यावल, साक्री, शिरपूर येथील पाड्यांवरील मुलांचा विचार याच दृष्टीने झाला पाहिजे. त्यांना पोटभर अन्न, गणित समजावून देणारा गुरुजी, राष्ट्रीय छात्र सेनेच्या तुकडीत जागा आणि एकदा अपयश आल्यावर पुन्हा उभे करणारा हात हवा. जिल्हा परिषदा व शिक्षणसंस्था यांनी हे आपले कर्तव्य मानावे. परत आलेल्या मुलाच्या कपाळी 'जिद्द नाही' असा शिक्का मारण्यापूर्वी, त्याला आपण काय दिले, हे खानदेशाने स्वतःस विचारावे.