शामक औषधांच्या चाचण्या आणि माघारीचा हक्क : एक जाहीर निवेदन



झोपेचे नवे औषध रुग्णाच्या हाती पडण्यापूर्वी ते निरोगी माणसाला देऊन पाहावे लागते, ही गरज आम्ही नाकारीत नाही. पुरेशा परीक्षेवाचून बाजारात आलेल्या औषधाने केवढा अनर्थ ओढवतो याची साक्ष, १९५७ साली पश्चिम जर्मनीत शामक म्हणून विकावयास आलेल्या आणि हजारो अर्भकांना जन्मतःच अपंग करून गेलेल्या थॅलिडोमाइडने दिलेलीच आहे. आमचा आक्षेप आहे तो स्वयंसेवकाच्या संमतीची जी व्यवस्था आज पुरेशी मानली जाते तिच्यावर.

आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलेल्या स्वयंसेवकाच्या शिरेत बारीक नळी बसवतात, गोळी देतात आणि नेमल्या वेळी रक्त काढीत जातात. मधूनमधून त्याच्यापुढे एक कागद येतो: एक ते नऊ या आकड्यांना नऊ चिन्हे नेमून दिलेली, आणि दीड मिनिटात जितक्या आकड्यांखाली योग्य चिन्ह काढता येईल तितकी त्याने काढावयाची. औषधाचा अंमल चढू लागला की हात मंदावतो, चिन्हे चुकतात, आणि त्या माणसाची बुद्धी किती झाकोळली आहे याचा लेखी पुरावा संशोधकाच्याच दप्तरी जमा होतो. असे असूनही संमतिपत्रात त्याच माणसाला ‘केव्हाही माघार घेण्याची मुभा’ आहे! जी विवेकशक्ती वापरून माघार घ्यावयाची, तिच्यावरच औषधाचा घाला पडत असताना या मुभेचा उपयोग त्याने करावा तरी कसा? लोराझेपाम किंवा मिडाझोलाम दिलेला मनुष्य डोळे उघडे ठेवून बोलतो, विचारलेल्या प्रश्नांना होकारही देतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यातले त्याला काहीच आठवत नाही, असे पुष्कळदा घडते. अशा अवस्थेत त्याने केलेली सही आम्ही सही मानीत नाही.

गुंगी उतरली असे स्वतः त्याने सांगितले म्हणून ती उतरली असेही नव्हे. झोल्पिडेम अमेरिकेत वीस वर्षे विकले गेल्यानंतर, २०१३ साली, तेथील औषध प्रशासनाने स्त्रियांसाठीची साध्या गोळीची मात्रा दहा मिलिग्रॅमवरून पाचावर आणली. कारण रात्री घेतलेल्या औषधाचा अंश काही जणींच्या रक्तात सकाळी इतका उरत होता की वाहन चालविणे धोक्याचे ठरावे, आणि आपण पूर्ण जाग्या आहोत असे वाटत असतानाही हा धोका संभवत होता. चाचणीच्या वॉर्डातून सुटून थेट लोकलच्या गर्दीत शिरणाऱ्या किंवा स्कूटरला किक मारणाऱ्या माणसाची स्थिती याहून निर्धोक कशी समजावी?

आपल्याकडील औषध-चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांत चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई यांची तरतूद आहे. ती स्वागतार्ह खरी, पण ती इजेनंतरची आहे. रोजंदारी बुडवून आलेल्या मजुराची पुरी रक्कम जेथे अखेरच्या हजेरीपर्यंत अडकवून ठेवली जाते, तेथे तर शुद्धीवरही माघार घेणे त्याला परवडत नाही.

म्हणून नैतिकता समित्यांच्या सभासदांकडे आमची मागणी आहे, की शामक औषधाच्या चाचणीस मंजुरी देण्यापूर्वी त्यांनी पुढील गोष्टींची खातरजमा करावी. अंमल असेपर्यंत स्वयंसेवकाच्या वतीने चाचणी थांबविण्याचा अखत्यार असलेली, कंपनीच्या पगारावर नसलेली व्यक्ती वॉर्डात हजर असावी. त्या काळात कोणत्याही नव्या कागदावर त्याची सही वा अंगठा घेऊ नये. मधेच थांबला तरी झालेल्या दिवसांचे पैसे त्याला त्याच दिवशी रोख मिळावेत. आणि चिन्हांचा तो कागद त्याने गोळीपूर्वी सोडविला होता तितक्याच बिनचूकपणे पुन्हा सोडविल्यावाचून, व घरचे कोणी न्यावयास आल्यावाचून, त्याला दाराबाहेर सोडू नये.