सिमेंटचा शेतकरी



सुट्टीत आईला आणि पोरांना घेऊन कणेरी मठावरचं ग्रामजीवन म्युझियम बघून आलो. सिमेंटचे पुतळे हुबेहूब आहेत, कारागिरांना दाद दिलीच पाहिजे. शहरातली मंडळी "काय सुखी गाव!" म्हणत फोटो काढत होती. आई दळणाऱ्या बाईपाशी थांबली. म्हणाली, "वव्या म्हणायचो ते झोप येऊ नये म्हणून. पहाटे दळाण झालं न्हाई तर घरात भाकरी न्हाई."

स्वयंपूर्ण गाव म्हणे! विकत घ्यायला हातात पैसाच नव्हता, त्याला हे नाव. आणि त्या व्यवस्थेत एवढं सुख होतं, तर शाहू महाराजांनी 1918 साली याच कोल्हापुरात महार वतनं रद्द कशाला केली?

सिमेंटचा शेतकरी सरकारला परवडतो. त्याला वीज नको, खत नको, भाव नको. आपल्याला लागतो. उसाचं बिल 14 दिवसांत द्यावं, उशीर झाल्यास 15 टक्के व्याज द्यावं, असं 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय. माझं बिल तिसऱ्या महिन्यात जमा झालं. व्याजाचा एक पैसा नाही.

जिल्हा बैठकीला येताना वजनाच्या पावत्या आणि बँकेचं पासबुक आणा. तारखा लावून प्रत्येकाचं व्याज तिथंच काढू आणि मागणीचा अर्ज एकत्र देऊ.