‘पूर्ववत्’ म्हणजे केव्हा?

‘सर्व पूर्ववत् केव्हा होणार?’ हा प्रश्न मार्च २०२० पासून पुढे दोन वर्षे आपल्या खानदेशात जितक्यांदा विचारला गेला, तितक्यांदा दुसरा कोणताही विचारला गेला नसेल. जळगावच्या सराफ बाजारात कुलूप घातलेल्या पेढीचा धनी तो विचारीत होता. रावेर-यावलकडे केळीचे घड झाडावरच पिकत चाललेले पाहणारा बागाईतदार विचारीत होता. धुळ्याच्या आग्रा रोडवरचा दुकानदार विचारीत होता. आणि घरात कोंडलेली मुले आईस तोच प्रश्न विचारीत होती. वैद्य, अधिकारी, ज्योतिषी आणि वृत्तपत्रे ह्यांनी आपापल्या परीने मुदती सांगितल्या, आणि त्यांतील बहुतेक टळल्या. आता ती साथ मागे पडली. तथापि ‘अजून काही पहिल्यासारखे झाले नाही हो’ हे वाक्य अद्यापि घरोघर ऐकू येते. म्हणून ह्या खेपेस त्या प्रश्नाचाच थोडा विचार करावयाचे योजिले आहे.

प्रथम शब्द पाहू. ‘पूर्ववत्’ ह्यातील ‘वत्’ हा प्रत्यय पाणिनीने तुल्यतेच्या अर्थी सांगितला आहे. एखाद्यास ‘पुत्रवत् सांभाळले’ असे आपण म्हणतो तेव्हा, ज्यास सांभाळले तो आपला पुत्र नव्हता, हे त्या शब्दातच कबूल केलेले असते. त्याचप्रमाणे ‘पूर्ववत्’ म्हणजे पूर्वीसारखे. पूर्वीचेच, असा त्याचा अर्थ होत नाही. व्याकरणाने हा भेद दाखवून ठेविला आहे, परंतु मनास तो रुचत नाही. मन ‘पूर्ववत्’ म्हणते आणि त्यात ‘पूर्वीचेच’ मागते. साथीनंतरचे अर्धे दुःख ह्या गल्लतीतून निघालेले आहे.

राजाज्ञेपुरते पाहिले तर आपल्या प्रश्नास उत्तर आहे, आणि तेही तारीखवार. महाराष्ट्र सरकारने सर्व निर्बंध २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, उठविले. जागतिक आरोग्य संघटनेने ह्या रोगाची जागतिक आणीबाणी संपल्याचे ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. ह्या दोन तारखांत तेरा महिन्यांचे अंतर आहे; आणि ज्या घरातला कर्ता पुरुष एप्रिल २०२१ मध्ये गेला, त्या घरास ह्यांतील एकही तारीख आपली वाटत नाही. निर्बंध उठणे, रोग ओसरणे आणि रोगाने केलेली हानी भरून येणे ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी होत. आपण तिहींस एकच नाव देतो आणि एकच तारीख मागतो; मग उत्तर कसे सापडावे?

आपल्या पूर्वजांनीही हा प्रश्न विचारला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेग, म्हणजे ज्यास तेव्हा ग्रंथिक सन्निपात म्हणत तो रोग, ओळखला. पुढच्याच फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. मार्च २०२० मध्ये सरकारने हाती घेतला तो हाच १८९७ चा कायदा. एक हिवाळा कसाबसा काढला की सुटलो, अशीच तेव्हा पुष्कळांची समजूत असली पाहिजे. गाठीचा ताप थंडीत वाढे आणि उन्हाळा कडक झाला की ओसरे. गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहिलेली माणसे घरी परतत, भिंती सारवीत, चूल मांडीत. आणि पुढच्या थंडीत घरात पुन्हा उंदीर पडत. हे वीस-पंचवीस वर्षे चालले, आणि तेवढ्या अवधीत हिंदुस्थानात सुमारे एक कोटी माणसे त्या रोगाने गेली. मध्येच १८९९-१९०० चा दुष्काळ खानदेशावर कोसळला. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पूर्वेचा तो आजचा जळगाव, आणि पश्चिमेचे पुढे आजचे धुळे व नंदुरबार झाले. कचेऱ्या बदलल्या, शिक्के बदलले, पण प्लेग काही देशातून गेला नव्हता. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी ह्यांची गाणी आज आपल्या मुलांनाही ठाऊक आहेत. त्यांच्या ओंकार नावाच्या मुलास प्लेगने कायमचे अपंगत्व आले, हे मात्र थोड्यांस ठाऊक असते. गावातून साथ गेली. त्या माउलीच्या घरातून ती जन्मभर गेली नाही.

प्लेग पुरता ओसरला नाही तोच १९१८ साली मानमोडी आली. जूनमध्ये मुंबईस दिसलेला तो ताप दसरा-दिवाळीच्या सुमारास भयंकर झाला. त्यातच त्या वर्षी पावसाने दगा दिला आणि धान्य महागले. हिंदुस्थानात त्या तापाने गेलेल्यांचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत केले जातात. आजच्या भारताच्या सीमांत १९११ साली २५.२१ कोटी माणसे होती, ती १९२१ साली २५.१३ कोटी भरली. १९०१ पासूनच्या शिरगणत्यांत दहा वर्षांत लोकसंख्या घटल्याचे हे एकच उदाहरण आहे. १९३१ साली तोच आकडा २७.९० कोटींवर गेला. शिरगणतीचे पुस्तक उघडून बसलेला मनुष्य म्हणेल की दहा वर्षांत सर्व पूर्ववत् झाले, किंबहुना पूर्वीहून बरे झाले. परंतु १९३१ साली मोजलेली बालके ही काही १९१८ साली गेलेली माणसे नव्हती. आकडा भरून आला तो नव्या जीवांमुळे. हा साधा भेद ध्यानात धरला म्हणजे पुढचा विचार सोपा जातो.

शाळेत हा भेद फार स्पष्ट दिसतो, आणि सारा जन्म शाळेत गेला असल्यामुळे त्यावर चार शब्द लिहिण्याची मुभा वाचक देतील. मार्च २०२० मध्ये बंद झालेले आपल्याकडचे पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून उघडू लागले, आणि जानेवारीत पुन्हा काही दिवस मिटले. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल पहिलीचा वर्ग न पाहताच दुसरीत गेले. ‘प्रथम’ ह्या संस्थेची ‘असर’ नावाची एक पाहणी आहे. तीत ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपुढे दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवितात. २०१८ साली २७.३ टक्के मुलांस तो वाचता आला. २०२२ साली २०.५ टक्के मुलांस. आणि २०२४ साली २७.१ टक्के मुलांस. ह्यावरून कोणी म्हणेल की शिक्षणाची गाडी पूर्वीच्या रुळावर आली. पण २०२२ साली तिसरीत बसलेली मुले कोण? जून २०२० मध्ये ज्यांनी बंद शाळेत नाव घातले, तीच. २०२४ साली ती तिसरीत नव्हती, पाचवीत गेली होती; तिसरीत दुसरीच मुले बसली होती, ज्यांची पहिली उघड्या शाळेत झाली होती. आकडा परत आला, परंतु तो ह्या मुलांचा नव्हता.

मग त्या पहिल्या मुलांचे काय झाले? पाचवीत तोच उतारा वाचू शकणारी मुले २०१८ साली निम्म्याहून किंचित अधिक होती. २०२४ साली निम्म्याहून किंचित कमी होती. ह्याचा अर्थ खड्डा पुष्कळ भरला, पण पुरता बुजला नाही. आणि जेवढा भरला तेवढा नुसती वर्षे लोटल्याने भरला, असे शाळेची माहिती असलेला कोणीही म्हणणार नाही. कोणा शिक्षकाने, कोणा आजीने, कोणा थोरल्या बहिणीने त्या मुलास जवळ बसवून बाराखडी पुन्हा गिरवून घेतली, तेव्हा तो भरला.

‘काळ हेच औषध’ असे आपण सहज बोलून जातो, म्हणून येथे एका जुन्या ग्रंथाची आठवण देतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंस, म्हणजे सबंध मुलुखाचा विध्वंस, ह्या विषयास वाहिलेला एक अध्याय आहे. गंगातीरी कांपिल्य नगरीत पुनर्वसु आत्रेय शिष्य अग्निवेशास समजावून सांगतात की माणसांच्या प्रकृती, आहार आणि वये निरनिराळी असूनही सारा मुलूख एकाच वेळी आजारी पडतो. कारण वायु, उदक, देश आणि काल ही चार सर्वांची सामाईक आहेत. ह्या चारांत पहिल्याहून दुसरे टाळण्यास कठीण असा क्रम लावून त्यांनी कालास शेवटी बसविले आहे. वारा चुकवता येईल, पाणी बदलता येईल, गावही सोडता येईल. पण काल सोडून मनुष्य कोठे जाणार? २०२० साली आपण सर्वांनी हेच अनुभविले. मात्र लक्षात ठेवण्याजोगे हे की काल तेथे साथीच्या कारणांत सांगितला आहे. त्याच्यावर औषधाचे काम सोपवून आपण हात जोडून बसावे, असे त्या अध्यायात कोठेही नाही.

आता खानदेशाकडे वळू. आपोआप परत आले असे पुष्कळ आहे. २६ एप्रिल २०२० आणि १४ मे २०२१ ह्या दोन्ही आखाजींस लेकींची माहेरची वाट बंद होती. २०२२ च्या आखाजीस झोके पुन्हा बांधले गेले. मुक्ताईनगरची संत मुक्ताबाईंची पालखी त्या दोन्ही वर्षी एस.टी.च्या गाडीत बसून पंढरपुरास गेली. २०२२ साली ती पुन्हा वारकऱ्यांसवे पायी निघाली. पेढ्या उघडल्या, केळीचे ट्रक उत्तरेकडे धावू लागले. जे समुदायाचे होते, ते समुदायाबरोबर परत आले.

जे एकेका घराचे होते, त्याची गोष्ट निराळी. मध्य प्रदेशात आपल्या गावी जाण्यासाठी जालन्याहून भुसावळच्या गाडीच्या आशेने रुळांवरून चालत निघालेले १६ मजूर ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले असता मालगाडीखाली सापडले. भुसावळ स्थानकात गाड्यांची वर्दळ पूर्वीसारखी झाली; त्या सोळा घरांस ‘पूर्ववत्’ हा शब्द कोणी आणि कोणत्या तोंडाने सांगावा? जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय कोविड रुग्णालयातून बेपत्ता झाल्याचे म्हटलेल्या एका वृद्ध स्त्रीचा देह, आठ दिवसांनी, तेथल्याच शौचगृहात सापडला. अधिकारी निलंबित झाले; पण तिच्या घराचे ते आठ दिवस कोणत्या आदेशाने मागे घ्यावयाचे? अंत्ययात्रेस वीस माणसांची मर्यादा होती. कित्येक मुलांस पित्याचे मुख अखेरचे पाहता आले नाही. दहावा-तेरावा घरातल्या घरात उरकावा लागला आणि सांत्वनास कोणी ओसरीवर येऊन बसले नाही. दुःख तेव्हा वाटून घेतले गेले नाही, म्हणून ते आज इतक्या वर्षांनीही तसेच ताजे आढळते.

मग निराशाच पदरी घ्यावी काय? तसे नाही. शिवाय पूर्वीचे सर्वच परत यावे, असेही नाही. धोंडो केशव कर्वे ह्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. प्लेगमुळे शहरात राहणे कठीण झाले, तेव्हा १९०० साली आश्रम गावाबाहेर हिंगण्यास एका झोपडीत नेला. साथ ओसरताच तो पुण्यात परत आणला असता तर ते ‘पूर्ववत्’ झाले असते. परंतु आश्रम परतला नाही. हिंगण्यासच वाढला, आणि १९१६ साली अण्णांच्या त्याच कार्यातून महिला विद्यापीठ उभे राहिले. आपल्या घराण्यांतील किती आज्या-पणज्या ह्या न परतण्यामुळे शिकल्या, ते ज्याने त्याने आपल्या घरी आठवावे.

आपल्या दिवसांतले उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडचे आहे. साथीत तरुण स्त्रियांवर वैधव्य आलेले पाहून त्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की पतिनिधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढून घेणे ह्या चाली गावात बंद व्हाव्यात. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींसही हा कित्ता गिरविण्यास सांगितले. आता आपल्या घरांकडे पाहावे. चैत्रातले आणि संक्रांतीचे हळदीकुंकू पुन्हा थाटाने सुरू झाले. साथीत जिचा पती गेला त्या शेजारच्या सुनेस बोलावणे गेले काय? गेले नसेल, तर आपण पूर्ववत् केले ते नेमके काय केले, हा प्रश्न गृहिणींनी आणि त्यांच्याहून अधिक घरच्या पुरुषांनी आपल्या मनास विचारावा.

तेव्हा ‘सर्व केव्हा पूर्ववत् होणार?’ हे विचारणे आता पुरे. त्याऐवजी ‘कोणाचे अजून झाले नाही?’ असे विचारावे. ह्या प्रश्नाचे उत्तर मुंबई-दिल्लीहून येण्याची वाट पाहावी लागत नाही. ते आपल्या गल्लीतच मिळते. सातवी-आठवीत जाऊनही अडखळत वाचणारा एखादा मुलगा असतो. त्यास रोज अर्धा तास आपल्या ओसरीवर बसवावे. आईबापांवाचून वाढणारी मुलगी असते. तिच्या फीची आणि त्याहून तिच्या वाढदिवसाची आठवण कोणी ठेवावी. ज्याच्याकडे त्या दिवसांत कोणी समाचारास गेले नाही, त्याच्याकडे आज जावे. उशीर झाला म्हणून संकोच बाळगू नये.

आपल्या खानदेशात सालदाराचे साल आखाजीस संपते आणि आखाजीसच नवे लागते. त्या दिवशी धनी आणि सालदार समोरासमोर बसून जुन्या सालाचा हिशेब करतात. कोणाचे काय देणे राहिले ते बोलून मोकळे होतात, आणि मगच नवे साल ठरते. साथीच्या सालाचा असा हिशेब आपण अजून केलेला नाही. येत्या आखाजीपूर्वी प्रत्येक घराने आपल्यापुरता तो करावा, इतकेच ह्या महिन्याचे मागणे आहे.