रविवार आधी ठरवावा लागतो

रविवारची सुट्टी इंग्रजांनी दिली, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. खरं तर मुंबईच्या गिरणी कामगारांनी ती मागून, झगडून मिळवली आहे. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांची सभा भरवली आणि हजारो सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यातल्या मागण्या मला फार बोलक्या वाटतात. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाला सुरुवात सकाळी साडेसहाला आणि सूर्यास्ताला काम बंद. 1890च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर मोठी सभा झाली. तिथे कामगार स्त्रियाही बोलायला उभ्या राहिल्या. त्याच वर्षी जूनमध्ये मालकांनी रविवार मान्य केला.

लोखंड्यांनी नुसतं ‘विश्रांती हवी’ म्हटलं नाही. वार सांगितला, वेळ सांगितली. म्हणून ती मिळाली.

नियोजन म्हटलं की सुट्टीची मजा गेली, असं अनेकांना वाटतं. मला नेमकं उलट वाटतं. काहीच ठरवलं नाही तर रविवार मोकळा राहत नाही, तो तुंबलेल्या कामांच्या ताब्यात जातो. दळण, वाणसामान, इस्त्रीचे कपडे, मुलांचा प्रोजेक्ट, विजेचं बिल आणि कुणाच्या तरी घरची वास्तुशांत. ठाण्याहून दादरला जायचं तर मेगाब्लॉक आहे, हे स्टेशनवर गेल्यावर कळतं आणि दुपार फलाटावर जाते. ब्लॉकचं वेळापत्रक आदल्या दिवशीच्या पेपरात आलेलं असतं.

यातली बरीच कामं अर्ध्या-पाऊण तासाची आहेत, ती बुधवारी-गुरुवारी संध्याकाळी उरकता येतात. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हाही हाच हिशेब होता. रोजचा कामाचा वेळ वाढला आणि सगळे शनिवार मोकळे झाले. घरातही असंच करता येतं. मात्र रविवारच्या वेळापत्रकात तासातासाला कामं कोंबू नयेत. एखादंच काम, तेही सकाळी. दुपारी जेवल्यावर कुणी काही ठरवू नये. लोळावं, वाचावं, मुलांशी पत्ते खेळावे. ऑफिसच्या ग्रुपवर उत्तर सोमवारी द्यावं.

आणि एक गोष्ट फार मनापासून सांगायची आहे. बहुतेक घरांत रविवार उजाडतो तो बाईच्या जादा कामाने. सगळे उशिरा उठतात म्हणून नाश्ता दोनदा, घरात सगळे आहेत म्हणून जेवणात काहीतरी खास, पाहुणे येणार म्हणून आवराआवर. ती नोकरी करत असेल तर आठवडाभराच्या भाज्या निवडून, चिरून ठेवणंही याच दिवशी. घरातल्या एकीच्या कष्टावर बाकीच्यांचा आराम उभा असेल, तर त्या घराला सुट्टी मिळाली असं मी मानत नाही. महालक्ष्मीच्या सभेत बोललेल्या त्या स्त्रियांनी स्वतःसाठीही रविवार मागितला होता.

म्हणून पुढच्या शनिवारी रात्री घरातल्या सगळ्यांनी दहा मिनिटं एकत्र बसा. उद्या नाश्ता कोण करणार, भांडी कोण घासणार, बाजारातून काय आणायचं आणि कुणी, एवढं ठरवा. आणि आईची दुपार मोकळी आहे ना, हे सगळ्यात आधी बघा.