मूल म्हणजे शिरगणतीतली भर नव्हे

‘आपली संख्या घटतेय, तीन तरी मुलं होऊ द्या,’ असं एका व्यासपीठावरून सांगितलं जातं. ‘रिज्क देणारा अल्लाह आहे, मोजणारे तुम्ही कोण?’ असं दुसऱ्या व्यासपीठावरून. हे दोघे एकमेकांचे कट्टर विरोधक. पण बाईच्या कुशीवर हक्क सांगताना दोघांचा सूर एकच लागतो.

आधी आकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती, हिंदू स्त्रीमागे ३.३. २०१९-२१ मध्ये हेच आकडे २.४ आणि १.९ झाले. दोघांतलं अंतर निम्म्याहून कमी उरलं. मग ‘ते आपल्याला गिळतील’ ही भीती कशाच्या जोरावर विकली जाते?

आता धर्माचं. ‘गरिबीच्या भीतीने मुलांना मारू नका’ ही कुरआनची आज्ञा जन्मलेल्या जिवाबद्दल आहे. गर्भधारणा टाळण्यासाठीचा अज़्ल पैगंबरांच्या काळात सहाबा करत होते, असं हदीस सांगते. इमाम ग़ज़ालींनी तर नऊशे वर्षांपूर्वी बायकोच्या जिवाची काळजी आणि फार मुलांची ओढाताण ही अज़्लची रास्त कारणं मानली. आमच्या मोहल्ल्यातल्या बायांना हे कुणी का सांगत नाही?

ज्याला जन्माला घालायचं, त्याला आधी विचारता येत नाही. म्हणूनच हा निर्णय घेणाऱ्यावर मोठी जबाबदारी येते. मूल हवं ते त्याच्या स्वतःसाठी; कौमची मतं वाढवायला नव्हे, की मुलगा होईपर्यंत नशीब आजमावायलाही नव्हे. आणि जी नऊ महिने वाहणार, रात्री जागणार, तिचा शब्द शेवटचा असला पाहिजे.

याच न्यायाने सरकारी सक्तीही आम्हाला मान्य नाही. १९७६ ची नसबंदी आम्ही विसरलेलो नाही. महाराष्ट्रात दोनपेक्षा जास्त मुलं असली तर पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. जिला घरात ‘नको’ म्हणायची मुभा नव्हती, तिलाच तिसऱ्या मुलासाठी सरपंचपद नाकारायचं, हा कुठला इन्साफ?

र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. शंभर वर्षं उलटून गेली. आता तरी भाषणं थांबवा आणि घरातल्या बाईला विचारा: तुला काय हवंय? उत्तर काहीही येवो, ते ऐकायची तयारी ठेवा.