‘सर्वकाही’ म्हणजे नेमके किती?



सुट्टीत मुले मोबाइलवर ‘थिअरी ऑफ एव्हरीथिंग’चे व्हिडिओ पाहतात आणि मग घरात प्रश्न येतो : सगळ्याचा उलगडा करणारे सूत्र सापडले, तर अल्लाहचे काय? काही पालक मुलाला गप्प बसवतात. काही सांगतात, हे तर कुरआनात आधीच आहे. मला दोन्ही उत्तरे पटत नाहीत. ‘सर्वकाही’ म्हणजे किती, हे आधी विचारायला हवे.

भौतिकशास्त्र चार मूलभूत बले मानते : गुरुत्वाकर्षण, विद्युतचुंबकीय बल, अणुकेंद्राला बांधून ठेवणारे तीव्र बल आणि किरणोत्सारात दिसणारे क्षीण बल. ही चारही एकाच सिद्धांतात बसवायची, एवढेच ते स्वप्न. न्यूटनने पडणारे फळ आणि फिरणारा चंद्र एका नियमात आणले, मॅक्सवेलने वीज, चुंबक आणि प्रकाश. पुढे ग्लॅशो, वाइनबर्ग आणि झंगच्या शाळेत शिकलेले अब्दुस सलाम यांनी विद्युतचुंबकीय आणि क्षीण बल ही एकाचीच दोन रूपे असल्याचे मांडले. 1979 चे नोबेल तिघांना मिळून मिळाले.

‘सगळे एकच आहे’ असे सूफींनीही म्हटले, संतांनीही. त्याचा मान वेगळा. भौतिकशास्त्रात मात्र आकडा द्यावा लागतो, आणि तो चुकूही शकेल असा असावा लागतो. या सिद्धांताने डब्ल्यू आणि झेड नावाचे कण असले पाहिजेत असे सांगितले, त्यांच्या वस्तुमानाचा अंदाजही दिला. 1983 साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ते सापडले. वजन प्रोटॉनच्या सुमारे 86 आणि 97 पट, अंदाजाला धरूनच. माझ्या मते सिद्धांत म्हणवून घेण्याचा हक्क असा मिळतो. तारांचा सिद्धांत, म्हणजे स्ट्रिंग थिअरी, गणितात कितीही देखणी असली तरी तिला अजून हा हक्क मिळालेला नाही.

सलाम तिथे थांबले नाहीत. ओडिशाचे जोगेश पती यांच्यासोबत त्यांनी 1970 च्या दशकात तीव्र बलही जोडू पाहिले. त्यातून निघाले, की प्रोटॉनही कधीतरी फुटतो. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी शास्त्रज्ञांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, त्याची वाट पाहिली. दोन-चार घटना तशा वाटल्या, पण त्या सिद्ध झाल्या नाहीत. समजा, त्या उत्साहात कुणी प्रोटॉनच्या फुटण्याला एखादी आयत जोडून दिली असती, तर आज ती व्यक्ती मुलांना काय सांगणार होती?

आता दुसरी बाजू. उद्या चारही बले जुळली, तरी फिलिप अँडरसन यांनी 1972 मध्येच बजावले होते की मूळ नियम कळले म्हणजे त्यावरून सारे जग उभारता येते असे नाही. अलिफपासून येपर्यंत हुरूफ पाठ झाले म्हणून गझल लिहिता येते का? पेशी, मन, बाजारभाव यांचे नियम त्या त्या पातळीवरच शोधावे लागतात. आणि अमानत का परत करावी, हे तर कुठल्याच समीकरणात येत नाही. नियम आहेतच का, आणि असेच का, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्नही उरतोच. तोही सोडवल्याशिवाय ‘सर्वकाही’ म्हणू नये, असे काही तत्त्वज्ञ म्हणतात. मला ते रास्त वाटते.

मुलांना मी सलाम आणि वाइनबर्ग यांचीच गोष्ट सांगते. एक अल्लाहला मानणारा, दुसरा उघड नास्तिक. एकमेकांपासून दूर, स्वतंत्रपणे काम करून वर्षभराच्या अंतराने, 1967 आणि 1968 मध्ये, दोघे त्याच सिद्धांतावर पोहोचले. श्रद्धेमुळे वा नास्तिकतेमुळे त्या कामात फरक पडला नाही, हे सलाम यांनी स्वतः मान्य केले आहे. नोबेलनंतरही ते नमाज पढत राहिले आणि वाइनबर्ग नास्तिकच राहिले.

प्रोटॉनचे म्हणाल, तर जपानमध्ये डोंगराखाली 50,000 टन पाण्याची टाकी 1996 पासून त्याच्यावर पहारा देते आहे. अजून एकही फुटलेला दिसलेला नाही.